लिनक्सवर वायफाय दिसत नाही? आधी चिपचा नंबर काढा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले. कपाटात पडलेले कितीतरी जुने लॅपटॉप तेव्हापासून बाहेर निघाले आणि त्यांच्यावर उबुंटू नाहीतर मिंट ही लिनक्सची रूपं चढली. स्क्रीन, आवाज, टचपॅड सगळं पहिल्याच फटक्यात चालतं. वरच्या कोपऱ्यात मात्र वायफायचं चिन्हच नसतं. इथे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: 'माझा अमुक कंपनीचा अमुक लॅपटॉप आहे, ड्रायव्हर कुठे मिळेल?' या प्रश्नाला नीट उत्तर देता येत नाही, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपनी कधी इंटेलचं कार्ड घालते, कधी रिअलटेकचं, तर कधी ब्रॉडकॉमचं. लॅपटॉपचं नाव विसरा. आतल्या वायफाय चिपचा नंबर कळला की पुढचं जवळजवळ सगळं ठरून जातं.

एक खुलासा. या लेखातल्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या, मधली जागा आणि आडव्या रेघा जशा दिल्यात तशाच ठेवून. 'एलएस' म्हणजे एल आणि एस ही दोन अक्षरं, 'सुडो' म्हणजे एस, यू, डी, ओ.

अडतं कुठे

लिनक्सच्या दृष्टीने वायफाय कार्डांच्या तीन जाती आहेत.

पहिल्या जातीत ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो आणि दुसरं काहीच लागत नाही. अथेरॉसची जुनी पीसीआय कार्डं अशी आहेत. त्यांचा एटीएच९के हा ड्रायव्हर २००८ मध्ये कर्नलमध्ये आला. अशा कार्डाच्या मालकांना हा लेख वाचायची वेळच येत नाही.

दुसऱ्या जातीत ड्रायव्हर खुला असतो, कर्नलमध्येही असतो, पण कार्ड सुरू होताना त्याच्या पोटात फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, एक फाइल भरावी लागते. ही फाइल कंपनीची असते, तिचा सोर्स (मूळ कोड) मिळत नाही, पण वाटायची परवानगी असते. इंटेल, मीडियाटेक आणि आजची बहुतेक रिअलटेक कार्डं या जातीची.

तिसऱ्या जातीत ड्रायव्हरच बंदिस्त असतो. कंपनीने एक आधीच कंपाइल केलेला (मशीनच्या भाषेत बदललेला) गोळा दिलेला असतो आणि त्याला तुमच्या कर्नलशी जोडणारं पातळ खुलं आवरण असतं. प्रत्येक नव्या कर्नलसाठी हे आवरण पुन्हा कंपाइल व्हावं लागतं. ब्रॉडकॉमचा डब्ल्यूएल हा याचा सगळ्यात प्रसिद्ध, आणि सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला नमुना.

तुमचं कार्ड यातलं कोणतं, हे कळल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नका. नेटवर सापडलेल्या दहा आज्ञा एकामागून एक चिकटवल्या की मूळ अडचण बाजूला राहते आणि नव्या चार तयार होतात. कुठे एनडिसरॅपर हे नाव दिसलं, तर तो लेख सरळ बंद करा. विंडोज एक्सपीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवण्याची ती युक्ती होती, तिच्या काळात कामाची होती. आजच्या कर्नलवर तिच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

पायरी १: कार्ड कोणतं आहे

टर्मिनल उघडा आणि ही आज्ञा द्या:

एलएसपीसीआय -एनएनके

बरीच मोठी यादी येईल. तीत 'नेटवर्क कंट्रोलर' ने सुरू होणारी ओळ शोधा. 'इथरनेट कंट्रोलर' ही ओळ केबलच्या नेटची, ती सोडून द्या. समजा, साधारण असं काही दिसलं:

नेटवर्क कंट्रोलर [०२८०]: ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ ८०२.११बी/जी/एन [१४ई४:४३६५]
कर्नल ड्रायव्हर इन यूज: बीसीएमए-पीसीआय-ब्रिज
कर्नल मॉड्यूल्स: बीसीएमए

चौकटी कंसातला शेवटचा तुकडा, १४ई४:४३६५, कागदावर उतरवून घ्या. आधीचे चार आकडे कंपनीचे (१४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस), नंतरचे चार चिपचे. इथून पुढे नेटवर शोधताना लॅपटॉपच्या नावाऐवजी हा तुकडा टाका. उत्तरांचा दर्जा लगेच सुधारतो.

वरच्या नमुन्यात एक फसवी गोष्ट आहे. दुसऱ्या ओळीत ड्रायव्हर 'वापरात आहे' असं स्पष्ट लिहिलंय, मग वायफाय का नाही? कारण बीसीएमए हा वायफायचा ड्रायव्हर नाहीच. तो फक्त ब्रॉडकॉम चिपच्या आतल्या भागांपर्यंत जाणारा रस्ता उघडतो. त्या रस्त्यावरून चालणारा खरा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. ती ओळ वाचून 'ड्रायव्हर तर आहे, म्हणजे कार्ड खराब' असा निष्कर्ष काढू नका. आणि 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसेल, तर त्या चिपला ओळखणारा कोणीच कर्नलमध्ये सापडला नाही असं समजा.

यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल वापरत असाल तर आज्ञा वेगळी:

एलएसयूएसबी

रिअलटेकचे डोंगल इथे ०बीडीए ने सुरू होतात. त्यापुढे १ए२बी दिसलं तर डोंगलने स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर केलंय. विंडोजवाल्यांसाठी ड्रायव्हर त्याच्याच पोटात ठेवलेला असतो आणि आधी ती 'सीडी' पुढे केली जाते. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी इजेक्ट करा, डोंगल आपल्या खऱ्या रूपात येईल आणि नंबर बदलेल. दर वेळी हे करायचं नसेल तर यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज ठेवा.

दोन्ही याद्यांत कार्डाचा पत्ताच नसेल तर प्रश्न ड्रायव्हरचा नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) वायरलेस बंद केलेलं आहे का पाहा. विंडोजही त्याच मशीनवर असेल तर तिथलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि कार्डही कधीकधी तसंच अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतं.

पायरी २: कुलूप तर लागलेलं नाही?

आरएफकिल लिस्ट

'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' दिसलं तर सॉफ्टवेअरने रेडिओ बंद केलाय. 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय' दिलं की सुटतो. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर आज्ञेने काही होणार नाही. लॅपटॉपच्या कडेला सरकतं बटण असतं, किंवा वरच्या रांगेत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली कळ असते, ती एफएन सोबत दाबून पाहा. ही पायरी अगदीच क्षुल्लक वाटते म्हणून लोक ती गाळतात आणि सगळा ड्रायव्हर-खटाटोप झाल्यावर इथे परत येतात.

पायरी ३: नेट लावायला नेट हवं

वायफायचा ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठी वायफाय. आजच्या लॅपटॉपला केबलचा पोर्टही बरेचदा नसतो. सगळ्यात सोपा उपाय खिशात असतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लिनक्सला हे नवं केबल-नेट वाटतं, ड्रायव्हर मागत नाही. बहुतेक फोनांवर फोन स्वतः घरच्या वायफायला जोडलेला असला तरी तेच नेट केबलने पुढे जातं, त्यामुळे मोबाइल डेटाही जळत नाही. टेदरिंगचा पर्याय करडाच राहत असेल तर केबल बदलून पाहा. बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतात.

फोनने जमत नसेल तर ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं तो पुन्हा लावा. मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर नेट नसल्यास त्या पेनड्राइव्हवरून पॅकेज उचलू शकतो. उबुंटूच्या पेनड्राइव्हवरही 'पूल' नावाच्या फोल्डरात काही पॅकेजं असतात, ब्रॉडकॉमचं सहसा तिथे सापडतं.

पायरी ४: कर्नल काय म्हणतोय ते वाचा

सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर

यात 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर …' अशी ओळ आणि शेवटी 'फेल्ड विथ एरर -२' दिसलं, तर रोग कळला. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही. ड्रायव्हर हजर आहे, कार्ड हजर आहे, त्याला भरवायची फाइल नाही. हे दुसऱ्या जातीचं दुखणं आणि उपाय सोपा.

उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च यांवर फर्मवेअर 'लिनक्स-फर्मवेअर' या पॅकेजच्या नावाने मिळतं. ते अपडेट करा आणि मशीन पूर्ण बंद करून चालू करा. डेबियनचा मामला निराळा. तिथे बंदिस्त फाइल्स मूळ डेबियनचा भाग मानत नाहीत, त्यामुळे पूर्वी अधिकृत इन्स्टॉलरमध्ये वायफायचं फर्मवेअर नसायचंच. २०२२ मध्ये डेबियनच्या विकसकांनी मतदान करून हे बदललं, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग आला. इन्स्टॉलर आता गरजेचं फर्मवेअर स्वतः घालतो. त्याच्याआधीच्या आवृत्तीसाठी लिहिलेले सल्ले डेबियन १२ किंवा नंतरच्यावर वापरू नका.

इंटेलवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. इंटेलचा ड्रायव्हर आधी सगळ्यात नवी फर्मवेअर फाइल मागतो, नाही मिळाली तर त्याच्या आधीची, मग त्याच्याही आधीची. त्यामुळे दोन-चार 'एरर -२' ओळी आणि खाली 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी ओळ, हे चित्र पूर्ण निरोगी आहे. वरच्या ओळी पाहून घाबरू नका, शेवटची वाचा.

पायरी ५: कंपनीप्रमाणे पुढे

'युनेम -आर' ही आज्ञा देऊन तुमच्या कर्नलची आवृत्ती पाहा. इथून पुढे ती वारंवार लागेल.

इंटेल: बहुतेक अडचण जुन्या कर्नलची असते. एएक्स२०० ला कर्नल ५.१ किंवा पुढचा हवा, एएक्स२१० ला ५.१० किंवा पुढचा. कर्नल नवा, फर्मवेअर पॅकेज नवं, की काम झालं.

मीडियाटेक: एमटी७९२१ चा ड्रायव्हर कर्नल ५.१२ पासून आहे. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये आरझेड६०८ आणि आरझेड६१६ या नावांनी दिसणारी कार्डंही खरं तर मीडियाटेकचीच. एमटी७९०२ नंबर निघाला तर मात्र सावध व्हा. त्या चिपला लिनक्सवर कितीतरी वर्षं ड्रायव्हरच नव्हता. त्यासाठी चार दिवस घालवण्यापेक्षा कार्ड बदलणं स्वस्त पडतं.

रिअलटेक: इथे जरा थांबू. गेल्या काही वर्षांत रिअलटेकची परिस्थिती फार सुधारलीय, आणि नेटवरचे सल्ले मात्र जुनेच फिरतायत. आरटीएल८८५२एई सारखी वायफाय ६ कार्डं सांभाळणारा आरटीडब्ल्यू८९ हा ड्रायव्हर कर्नल ५.१६ मध्ये आला. आरटीडब्ल्यू८८ या त्याच्या थोरल्या भावाला कर्नल ६.२ मध्ये यूएसबी डोंगल ओळखता यायला लागले. म्हणजे आधी कर्नल नवा करून पाहा. ते झाल्यावरही चाललं नाही तरच गिटहब या कोडच्या साइटवरचा बाहेरचा ड्रायव्हर. तो घेतानाही एकच निकष: माहितीच्या पानावर तुमच्या कर्नलची आवृत्ती चालते असं लिहिलंय का आणि शेवटचा बदल अलीकडचा आहे का. दोन्ही नसेल तर ती प्रत सोडून द्या, किती का तारे मिळालेले असोत.

आता आरटीएल८७२३बीई. काही एचपी लॅपटॉपांत हे कार्ड लावलेलं असतं आणि तक्रार ठरलेली असते: वायफाय दिसतं, पण राउटरच्या मांडीवर बसल्याशिवाय जोडलं जात नाही. कार्डाला दोन अँटेनांची जागा असते, लॅपटॉपमध्ये तार एकच जोडलेली असते, आणि ड्रायव्हर रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. ईटीसी फोल्डरातल्या मॉडप्रोब.डी मध्ये शेवटी .कॉन्फ असलेली एक नवी फाइल करून तीत एवढीच ओळ लिहा:

ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

रीस्टार्ट करा. सुधारणा नसेल तर २ च्या जागी १ करून पुन्हा पाहा. योग्य आकडा बसला की सिग्नलच्या दांड्या एकदम वर जातात.

पायरी ६: ब्रॉडकॉम, सावकाश

ब्रॉडकॉमने सुरुवातीची कित्येक वर्षं लिनक्ससाठी काहीच दिलं नाही. तेव्हा काही स्वयंसेवकांनी बंदिस्त ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते याची वर्णनं लिहिली, आणि दुसऱ्यांनी फक्त ती वर्णनं वाचून नवा ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप यायला नको. त्यातून बी४३ उभा राहिला. लॅरी फिंगर हे त्या कामातलं मोठं नाव. पुढे रिअलटेकचे ड्रायव्हरही त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. २०२४ मध्ये ते गेले. तुमचा जुना लॅपटॉप लिनक्सवर नेट पकडत असेल तर त्यांचा हात कुठेतरी लागलेला असण्याची शक्यता बरीच आहे. ब्रॉडकॉमने स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, आणि तोही मोजक्या चिपसाठी.

म्हणून ब्रॉडकॉमला चार ड्रायव्हर आहेत आणि चुकीचा निवडला की काहीच चालत नाही. नंबरावरून असं ठरवा:

१४ई४:४३१५ म्हणजे बीसीएम४३१२. बी४३ चालतो, पण फर्मवेअर वेगळं लागतं. उबुंटू-डेबियनवर 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' हे पॅकेज कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरमधून ते कापून काढतं. त्यासाठी नेट हवं.
१४ई४:४७२७ म्हणजे बीसीएम४३१३. कर्नलमधला बीआरसीएमएसएमएसी पुरतो.
१४ई४:४३३१ ही २०११-१२ च्या मॅकबुक प्रोमध्ये सापडते. बी४३.
१४ई४:४३ए० म्हणजे बीसीएम४३६०, २०१३ नंतरच्या मॅकबुक एअरमधली. डब्ल्यूएल.
१४ई४:४३बीए म्हणजे बीसीएम४३६०२, २०१५ च्या मॅकबुक प्रोमधली. कर्नलमधला बीआरसीएमएफएमएसी.
१४ई४:४३६५ म्हणजे आपल्या नमुन्यातली बीसीएम४३१४२. डब्ल्यूएल, दुसरा पर्यायच नाही.

ही शेवटची २०१३ ते २०१५ च्या सुमाराच्या स्वस्त लॅपटॉपांत अगणित वेळा भेटते, म्हणून तिची कृती पूर्ण देतो. उबुंटू आणि मिंटवर:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स

हेडर्स (कर्नलशी जुळवून कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल्स) विसरू नका. ते नसले तर पॅकेज बसल्यासारखं दिसतं, पण आतला मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा) तयारच होत नाही. माउसने करायचं असेल तर उबुंटूमध्ये 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर', दोन्ही हेच पॅकेज बसवतात. उबुंटूच्या एखाद्या आवृत्तीत ते मिळालं नाही तर 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' घ्या. डेबियनवर तर तेच नाव. डेबियनमध्ये ते 'नॉन-फ्री' विभागात आहे, मघाच्या 'नॉन-फ्री-फर्मवेअर' मध्ये नाही, कारण हे फर्मवेअर नसून ड्रायव्हर आहे. तो विभाग सोर्सेसच्या यादीत हाताने जोडावा लागतो, आणि डेबियनवाले हमखास अडतात ते इथेच. फेडोरावर आरपीएम फ्यूजन हा बाहेरचा पॅकेज-साठा जोडून 'एकेमॉड-डब्ल्यूएल', आर्चवर 'ब्रॉडकॉम-डब्ल्यूएल-डीकेएमएस'.

डब्ल्यूएल आला तरी आधीपासून बसलेले बीसीएमए वगैरे जागा सोडत नाहीत. त्यांना उठवा:

सुडो मॉडप्रोब -आर बी४३ बीआरसीएमएसएमएसी बीसीएमए एसएसबी
सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल

पॅकेज पुढच्या वेळेसाठी त्यांना काळ्या यादीत टाकून ठेवतं, त्यामुळे हे एकदाच. पुन्हा 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज: डब्ल्यूएल' दिसलं की वरच्या कोपऱ्यात शेजाऱ्यांच्या राउटरांची नावं उगवलेली असतील.

त्यात तुमच्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव नसेल. तो बिघाड नाही, बीसीएम४३१४२ फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकते. आणि राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीवर लावला असेल तर जोडणी होणार नाही. डब्ल्यूएलची ६.३०.२२३.२७१ ही शेवटची आवृत्ती २०१५ ची, त्याला डब्ल्यूपीए३ कळत नाही. राउटरवर डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र पर्याय ठेवा.

निळा पडदा

'मॉडप्रोब डब्ल्यूएल' ला 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' किंवा 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' असं उत्तर आलं, तर आडवा आलाय तो सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीच्या सहीशिवाय काही चालू न देणारी मशीनची सुरक्षा. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' विचारा, 'एनेबल्ड' म्हणेल. तुमच्या मशीनवर नुकताच कंपाइल झालेला मॉड्यूल कोणाच्या सहीचा, हे मशीनला माहीत नसतं. ती सही नोंदवावी लागते.

पॅकेज बसताना उबुंटू एक पासवर्ड मागतं, निदान आठ अक्षरांचा. हा लॉगिनचा पासवर्ड नाही, एकदाच लागणारा आहे. सोपा ठेवा, लिहून घ्या. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कोणतीही कळ दाबा म्हणतो. चहा आणायला उठलात की संधी गेली, मशीन पुढे सरळ सुरू होतं आणि वायफाय नसतंच. पडदा आल्यावर 'एनरोल मोक', मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तो पासवर्ड (टाइप करताना काहीच दिसत नाही), आणि 'रीबूट'. संधी हुकली तर उबुंटूवर:

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर

यात व्हार म्हणजे व्ही, ए, आर ही अक्षरं, आणि फाइलच्या नावातलं 'मोक' तेवढं मोठ्या अक्षरांत. नवा पासवर्ड द्या, पुन्हा रीस्टार्ट करा, या वेळी जागचे हलू नका.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा मार्ग, आणि बरेच जण तोच सांगतात. एकट्या लिनक्सच्या जुन्या मशीनवर माझी हरकत नाही. विंडोज सोबत असेल आणि त्यावर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) असेल, तर मात्र ते बंद करताच विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. की जवळ नसेल तर सही नोंदवण्याचाच मार्ग धरा.

अपडेटनंतर वायफाय गेलं

तिसऱ्या जातीच्या ड्रायव्हरचं हे ठरलेलं दुखणं. नवा कर्नल आला की डीकेएमएस नावाची यंत्रणा मॉड्यूल पुन्हा बांधते. कर्नलमध्ये काही हललं असेल तर बांधणी फसते. तातडीचा उपाय म्हणजे सुरू होताना ग्रबच्या (काय सुरू करायचं ते विचारणाऱ्या) यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नल निवडा. वायफाय परत येईल. 'डीकेएमएस स्टेटस' दिलं की कोणत्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधला गेलाय तेही दिसतं. म्हणूनच एक जुना, चालता कर्नल कायम ठेवावा, जागा वाचवायच्या नादात तो उडवू नये.

यावरून माझा स्पष्ट सल्ला: रिअलटेक, इंटेल, मीडियाटेकवाल्यांनी नव्या कर्नलच्या मागे जावं. ब्रॉडकॉम डब्ल्यूएलवाल्यांनी नेमकं उलट करावं, एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीचा मूळ कर्नल धरून बसावं. उबुंटू २२.०४ चा ५.१५, २४.०४ चा ६.८. एकाच लेखात सगळ्यांना 'कर्नल अपडेट करा' असा सल्ला दिला जातो, त्याने निम्म्यांचं भलं होतं आणि उरलेल्यांचं चालतं वायफाय जातं.

जोडलं जातं, पण टिकत नाही

पहिला संशय वीजबचतीवर. ईटीसी, त्यात नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ.डी या फोल्डरात 'डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ' ही फाइल उघडा आणि 'वायफाय.पॉवरसेव्ह = ३' मधल्या ३ चे २ करा. इथे ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. बॅटरी थोडी जास्त खाईल.

दुसरा संशय देशाच्या कोडवर. फोनला राउटर दिसतो, लॅपटॉपला दिसत नाही, असं असेल तर राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर असू शकतो. भारतात ते चालतात, अमेरिकेच्या नियमांत सहसा वापरत नाहीत, आणि कार्ड अमेरिकेच्या समजुतीवर चालत असेल तर तिकडे पाहतच नाही. 'आयडब्ल्यू रेग गेट' ने सध्याचा कोड कळतो, 'सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन' ने भारताचा लागतो (इथलं 'आयएन' मोठ्या अक्षरांत). त्याहून सोपं म्हणजे राउटरवरच चॅनेल १, ६ किंवा ११ करून टाका.

कार्डच बदलायचं ठरलं तर

डोंगल घेताना खोक्यावरच्या नावावर जाऊ नका, आतली चिप विचारा. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन च्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लिनक्सवर लावली की चालायची. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेक आली. नाव तेच, खोकं तसंच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारलंत तर 'लिनक्सला चालेल' असं कोणीही सांगेल, आवृत्तीचा आकडा मात्र खोक्याच्या मागच्या लेबलावर स्वतः वाचा.

आतलं कार्ड बदलणं जास्त टिकाऊ. एम.२ जागा असेल तर इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ स्वस्त दिसतात, पण ती अर्धीच कार्डं आहेत, उरलेला भाग ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या आत असतो. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर ती चालत नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्स्प्रेस जागा असते. तिथे इंटेल ७२६० चं अर्ध्या लांबीचं कार्ड शोधा, एम.२ कार्डाच्या अँटेनाच्या टोप्या छोट्या असतात, जुन्या तारा त्यांवर बसत नाहीत. खरेदीआधी एवढं मात्र पाहून घ्या की तुमच्या मॉडेलच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी आहे का. जुन्या काही लेनोवो आणि एचपी मशीन यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरूच होत नाहीत.

बॅटरी काढा, तारांचा फोटो घ्या, टोप्या नखाने सरळ वर उचला, कार्ड बदला. पहिल्यांदा सुरू केल्यावर जुना ड्रायव्हर आठवणीने काढून टाका:

सुडो ॲप्ट पर्ज बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स

नाहीतर जे कार्ड आता मशीनमध्ये नाही, त्याचा मॉड्यूल दर कर्नल अपडेटला बांधायचा प्रयत्न होत राहील, आणि तो फसला की अपडेटही मधेच अडकेल.